पहिलं पिस्तूल घेण्याआधी

मागच्या महिन्यात मगरिबनंतर एक पालक घरी आले. आमच्या भोकरमध्येच कपडे शिवतात. त्यांची मुलगी माझ्या वर्गात आहे, नववीला. चहा येईपर्यंत सोयाबीनचा भाव, शिलाईचे पडलेले दर, असं इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला, आवाज खाली आणला आणि विचारलं, "सर, ये लेना क्या?"

पडद्यावर काळं पिस्तूल होतं. लष्करात वापरतात तसल्या पिस्तुलाची हुबेहूब नक्कल. खाली किंमत, सवलत आणि घरपोच मिळेल अशी हमी.

गोष्ट अशी होती. मुलगी एनसीसीच्या शिबिरात गेली होती. तिथं .२२ रायफलनं पाच गोळ्या मारायला मिळाल्या आणि तिच्या पाच छिद्रांचा गट सगळ्या तुकडीत लहान आला. पुढे नात्यातल्या एका मुलासोबत ती शहरातल्या रेंजवर गेली. तिथल्या प्रशिक्षकांनी तिच्या हातात एअर पिस्तूल दिलं. कारण साधं होतं. रायफलच्या नेमबाजीला पिस्तुलाशिवायचा खर्चच फार. जाड कॅनव्हासचं जॅकेट लागतं, तशीच पँट, वेगळे बूट. पिस्तूलवाल्याला पिस्तूल, छर्रे आणि सपाट तळाचे बूट एवढं पुरतं. मुलीचा हात स्थिर आहे, असं ते म्हणाले. बाकी सगळं अब्बांच्या डोक्यात आपोआप झालं. पोरीला पिस्तूल पाहिजे. बचत चाळीस हजार. मोबाईलवर जाहिरात.

आणि घरात भांडण. पोरीची अम्मी म्हणते, पिस्तूल हा शब्दसुद्धा या घरात नको. "लोगां क्या बोलते?"

हा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. वाचकांनीही नेऊ नये. आपल्या मोहल्ल्यात क्रिकेटची बॅट घेऊन पोरगं निघालं तर कोणी मान वर करून बघत नाही. तेच पोरगं पिस्तुलाची पेटी घेऊन निघालं तर चौकात चार माना वळतात. बातम्यांमध्ये आपली नावं कोणत्या शब्दांच्या शेजारी छापून येतात, हे त्या आईला कोणी शिकवायला नको. ती घाबरट नाही. हिशेबी आहे. चाळीस हजारांपेक्षा मोठा हिशेब तिच्या डोक्यात चालू आहे.

तरीही माझं मत असं आहे, की मुलीनं नेमबाजी करावी. आणि माझं दुसरं मत असं आहे, की ते मोबाईलवरचं पिस्तूल अजिबात घेऊ नये. ही दोन्ही मतं एकाच जागेवरून येतात. ती जागा कोणती, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी माझी चूक सांगतो. चार वर्षांपूर्वी मलाही हा नाद लागला. लहानपणी माळेगावच्या यात्रेत फुगे फोडले होते, तेवढंच माझं नेमबाजीतलं शिक्षण. बी.एड. झालो, नोकरी लागली, चाळिशी ओलांडली, आणि एक दिवस वाटलं आपणही काहीतरी शिकावं. कोणालाही न विचारता मी एक स्प्रिंगचं पिस्तूल मागवलं. नळी मोडून दाबायची, छर्रा घालायचा, चाप ओढायचा. दिसायला रुबाबदार. पण प्रत्येक बाराला आत पट्ट्यासारखा दणका बसायचा आणि पिस्तूल हातात उडी मारायचं. एक छर्रा वर, एक डावीकडे, एक पुठ्ठ्याच्या बाहेर. मला वाटलं माझाच हात वाईट. सहा महिने मी स्वतःला दोष देत राहिलो. पुढे एका रेंजवर खरं टार्गेट पिस्तूल हातात आलं, तेव्हा पहिल्या दहा छर्र्यांत कळलं, की हात फार काही वाईट नव्हता. साधन चुकीचं होतं. ते स्प्रिंगचं पिस्तूल आजही कपाटात आहे. माझ्या घाईची पावती म्हणून.

म्हणून त्या पालकांना मी जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहितो. नांदेड, लातूर, हिंगोली, परभणीकडे अशी बरीच घरं असतील, जिथं पोरगं किंवा पोरगी शिबिरातून चमकत्या डोळ्यांनी परत आली आहे आणि घरात विचारायला कोणी नाही.

पहिली गोष्ट कायद्याची. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतचं नळीचं तोंड आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असलेल्या हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही. स्पर्धेतलं १० मीटरचं पिस्तूल याच मापात बसतं. छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास जातो. नववीतल्या पोरांना येणारं गणित करून बघा, ताकद साडेपाच-सहा ज्यूल भरते. कायद्याच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण परवाना लागत नाही याचा अर्थ ते खेळणं आहे, असा नाही. डोळा जाऊ शकतो. २५ मीटरचं .२२ पिस्तूल ही वेगळी गोष्ट. ते दारूगोळ्याचं हत्यार आहे, त्याला परवाना लागतो, आणि पहिल्या खरेदीत त्याचा विचारही करायचा नाही.

खरेदी दुकानातून करा, पक्की पावती घ्या, ओळखपत्र आणि पत्ता स्वतःहून द्या. मुलगी अल्पवयीन आहे, तर पावती वडिलांच्या नावावर. पावतीची आणि क्लबच्या ओळखपत्राची प्रत पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा. पेटी कडक, कुलूपबंद. प्रवासात ती उघडायची नाही. आणि लष्करी पिस्तुलाची नक्कल असलेलं काही घेऊच नका. टार्गेट पिस्तूल दिसायलाच वेगळं असतं. लाकडी ओबडधोबड मूठ, लांब बारीक नळी, खाली हवेचं सिलिंडर. एखाद्या शिवणयंत्राचा सुटा भाग वाटावा असं. याउलट ती नक्कल संध्याकाळी कोणाच्या हातात दिसली, तर वीस पावलांवरून पोलिसाला काय, सख्ख्या बापालाही फरक कळणार नाही. आपल्या पोरांनी तर त्या वाटेला मुळीच जाऊ नये. हे मी कोणाला भिऊन म्हणत नाही. नेमबाजाला नकलेचा काही उपयोगच नसतो, म्हणून म्हणतो.

दुसरी गोष्ट साधनाच्या जातीची. हवेची पिस्तुलं ढोबळमानानं चार प्रकारची. स्प्रिंगचं, त्याची कहाणी वर सांगितली. दुसरं कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या कुपीवर चालणारं. त्या वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि डिसेंबरात पहाटे अंगावर गोधडी लागते. म्हणजे एकच पिस्तूल दोन ऋतूंत दोन स्वभावांचं. तिसरं एका दाबात भरणारं. बाजूची किंवा खालची लांब दांडी उघडून एकदाच दाबली, की एका छर्र्यापुरती हवा भरते. यात धक्का जवळपास नाही, सिलिंडर नाही, कुपी नाही, वर्षानुवर्षं खर्च फक्त छर्र्यांचा. रशियाचं बैकाल आयझेडएच-४६एम हे या जातीतलं नावाजलेलं पिस्तूल. जर्मनीचं वायराउख एचडब्ल्यू ७५ हेही याच जातीतलं. तोटा एवढाच, की दांडी दाबायला जोर लागतो. साठ छर्रे म्हणजे साठ वेळा जोर. आणि नेम धरणारा हात त्याच कामात थकतो.

चौथं म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरचं. आज स्पर्धेत जवळजवळ सगळे हेच वापरतात. ऑस्ट्रियाचं स्टायर, स्वित्झर्लंडचं मोरिनी, इटलीचं पार्दिनी, जर्मनीचं वाल्थर आणि फाइनवेर्कबाऊ, ही नावं कोणत्याही रेंजवर कानावर पडतील. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरली की शंभरावर छर्रे सहज निघतात. पण नव्या परदेशी पिस्तुलाची किंमत दीड ते अडीच लाखांच्या घरात जाते. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यातल्या प्रेसिहोलसारख्या कंपन्या एअरगन बनवतात, त्यामुळे निवड थोडी वाढली आहे. पण इथंही नियम तोच. आधी हातात धरा, चालवून बघा, मग पैसे.

तिसरी गोष्ट, बघायचं काय? नवशिका आधी ब्रँड बघतो. माझ्या मते क्रम असा हवा: मूठ, चाप, वजन, मग नाव.

मूठ हाताला बसली पाहिजे. डोळे मिटून हात वर करा, पिस्तूल रोखा, डोळे उघडा. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली तर मूठ तुमची. दरवेळी मनगट वळवावं लागत असेल तर ते पिस्तूल फुकट मिळालं तरी नको. मुठी लहान, मध्यम, मोठ्या येतात, डावखुऱ्यांसाठी वेगळ्या येतात. चौदा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाची मूठ देणं म्हणजे मोठ्या भावाच्या चपला घालून शर्यतीत उतरवणं.

चाप हलका पण कायद्यातला. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे १० मीटरच्या पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा असावा लागतो. तो कुठं सुटतो ते बोटाला आधी कळलं पाहिजे. चाप खरखरीत असेल तर बोटाबरोबर सगळा हात ओढला जातो. छर्रा न घालता नुसत्या चापाचा सराव करण्याची सोय पिस्तुलात आहे का, हे विचाराच. पुढची दोन वर्षं सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होणार आहे.

वजन. नियमानं पिस्तूल १५०० ग्रॅमच्या आत हवं आणि धरायचं एकाच हातानं. बहुतेक पिस्तुलं एक किलोच्या आसपास असतात. लहान हातांसाठी आखूड आणि हलकी रूपंही मिळतात.

आता थोडं गणित, कारण याशिवाय वरचं सगळं कोरडं वाटेल. १० मीटरच्या लक्ष्यात दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर. आपल्या शर्टाच्या बटनाएवढा. पिस्तुलावर पुढची माशी आणि मागची खाच यांत साधारण ३२ सेंटिमीटरचं अंतर धरा. हात अख्खा एक मिलिमीटर बाजूला गेला तर छर्राही एकच मिलिमीटर बाजूला जातो, दहाचा दहाच राहतो. पण माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर लक्ष्यावर छर्रा ३१ मिलिमीटर सरकतो आणि दहाचा सात होतो. म्हणून प्रशिक्षक सांगतात, लक्ष्य धूसर दिसू दे, माशी स्वच्छ दिसली पाहिजे. नवशिक्याला हेच पटत नाही. तो लक्ष्याकडे टक लावून बघतो आणि माशी विसरतो. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं, तेव्हा माझ्यासारख्यांनी पिस्तुलाआधी चष्मेवाल्याकडे जावं. हाताच्या अंतरावरची माशी स्पष्ट दिसेल असा नंबर काढून घ्यावा. पिस्तुलापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आणि गुण जास्त वाढवणारा.

जुनं पिस्तूल घ्यायला हरकत नाही. मी तर पहिलं जुनंच घ्या म्हणेन. पण दोन गोष्टी बघा. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. बनवणारे दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. विकणारा किंमत उतरवतोय म्हणून खूश होण्याआधी ती तारीख वाचा. दुसरं म्हणजे, त्या पिस्तुलाची दुरुस्ती करणारा आणि सुटे भाग देणारा माणूस आपल्या पोहोचेल अशा अंतरावर आहे का? टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलाची दांडी ऐन फेरीत तुटली. दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. तिच्यामागे अख्खा संघ उभा होता. भोकरमध्ये आपल्यामागे कोण उभं राहणार? तीच मनू २०२४ मध्ये पॅरिसहून दोन कांस्यपदकं घेऊन आली, तो भाग वेगळा.

इथवर वाचून कोणी म्हणेल, सर, मग चाळीस हजारांत नेमकं कोणतं घ्यायचं ते सांगा ना. तर माझं खरं मत आता सांगतो. पहिले सहा महिने कोणतंच घेऊ नका.

क्लबचं पिस्तूल वापरा. रेंजवर दोन-चार वेगवेगळी पिस्तुलं असतात, ती सगळी हाताळा. आपला हात कशावर स्थिरावतो ते वहीत लिहून ठेवा. चाळीस हजारांतून रेल्वेचं भाडं, रेंजची फी, छर्रे आणि डोळ्यांवरचा सुरक्षेचा चष्मा एवढं भागवा. छर्रे सपाट तोंडाचे घ्या, ते कागदाला गोल स्वच्छ छिद्र पाडतात आणि गुण नीट मोजता येतात. पाचशेचा डबा असतो. रोज साठ मारले तर आठ दिवसांत संपतो, म्हणजे हा खर्च पिस्तुलासारखा एकदाचा नाही, चालू राहणारा आहे. छर्रे शिशाचे असतात, हाताळून झाल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. सहा महिन्यांनी मुलीचा नाद टिकला, गुण वाढत राहिले, तर पिस्तुलाचा विचार करा. नाद सुटला तर निदान कपाटात माझ्यासारखी पावती तरी राहणार नाही.

मी भाषेचा मास्तर आहे, म्हणून एक शब्दाची गोष्ट सांगतो. मराठीत 'नेम' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक निशाणा आणि दुसरा रोजचा ठरलेला पाळलेला नियम. नेम धरणं आणि नेमानं करणं. उर्दूत निशान्याला वेगळा शब्द आणि सरावाला 'मश्क' हा वेगळा शब्द. खुशनवीस एकच अलिफ शंभर वेळा लिहून बघतो, ती मश्क. मराठीनं मात्र दोन्ही गोष्टी एकाच शब्दात ठेवल्या. ज्याचा नेम नाही त्याचा नेम लागत नाही. पिस्तूल विकणारे पहिला अर्थ विकतात. दुसरा दुकानात मिळत नाही.

खेळाडूंकडे बघा. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, शिक्षकाचा मुलगा, रेल्वेतला तिकीट तपासनीस, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये रायफलमध्ये कांस्य घेऊन उभा राहिला. कांबळवाडी आणि भोकरमध्ये फरक एवढाच, की त्याच्या जिल्ह्यात नेमबाजी शिकवणारी माणसं होती आणि पाठोपाठ नेमबाज घडत गेले. आपल्या जवळच्या हैदराबादची ईशा सिंग शाळकरी वयातच पिस्तूलमध्ये राष्ट्रीय विजेती झाली. उत्तर प्रदेशातल्या खुर्जाच्या मैराज अहमद खान यांनी २०२२ मध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, स्कीटमध्ये विश्वचषकाचं सुवर्ण जिंकलं. त्या दिवशी वर तिरंगा गेला. नाव विचारून गेला नाही.

पॅरिसमध्ये तुर्कस्तानचे युसूफ डिकेच एक हात खिशात घालून उभे होते ते चित्र सगळ्यांच्या मोबाईलवर फिरलं. एक्कावन्न वर्षांचा माणूस, साधा चष्मा, मिश्र दुहेरीत रौप्य. लोकांना वाटलं, बघा, काहीच साधनं नाहीत. साधनं होती. हातात स्पर्धेचंच पिस्तूल होतं. फक्त त्याच्यामागे कितीतरी वर्षांचा नेम होता, आणि तो चित्रात दिसत नाही. हंगेरीचे कारोली ताकाच तर याच्याही पुढचे. १९३८ मध्ये हातबाँब फुटून उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हातानं शिकायला सुरुवात केली आणि १९४८ आणि १९५२ अशा दोन ऑलिम्पिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूलचं सुवर्ण घेतलं. हात बदलला, पिस्तुलाची मूठ बदलली, नेम तोच.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे परत येतो. लोक काय म्हणतील?

तीरंदाजी शिकण्याला हदीसमध्ये प्रोत्साहन आहे, हे आपल्याकडे जुम्म्याच्या बयानात अनेकदा ऐकायला मिळतं. पण त्याच हदीस-संग्रहांत दुसरी ताकीदही आहे, ती कमी ऐकायला मिळते. आपल्या भावाकडे हत्यार रोखू नका, तो सख्खा भाऊ असला तरी. आणि रेंजवर पहिल्या दिवशी पहिलं वाक्य काय शिकवतात? नळी कायम लक्ष्याच्या दिशेनं. पिस्तूल रिकामं असलं तरी कोणाकडे रोखायचं नाही. बोट चापावर शेवटच्या क्षणी. बार संपले की नळीत रंगीत दोरी घालून सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं. हे ज्या पोरानं दोन वर्षं पाळलं, त्याच्या हातून गल्लीत दगडसुद्धा सहज उचलला जाणार नाही, असं मला वाटतं. हत्याराची भीती दोन प्रकारची असते. एक न शिकलेल्याची, एक शिकलेल्याची. दुसरी माणसाला सभ्य बनवते.

आणि लपवाछपवी अजिबात नको. अम्मीच्या भीतीला उत्तर लपवण्यात नाही, सांगण्यात आहे. पिस्तूल येईल तेव्हा शेजारच्यांना, मोहल्ल्यातल्या मोठ्यांना, शाळेला सांगा. ठाण्यात जाऊन पावती दाखवून या. मुलीनं स्पर्धा खेळली की तिच्या गुणांचा कागद दुकानात शिलाई मशिनच्या वर लावा. लोक बोलणारच आहेत. मग त्यांना बोलायला गुण द्या. आमच्यातले काही मित्र म्हणतात, हे दिवस असले नाद करायचे नाहीत, पोरांना चुपचाप स्पर्धा परीक्षेला बसवा. त्यांची काळजी मला कळते. पण भीतीपोटी एकेक मैदान आपण स्वतःच सोडत गेलो, तर शेवटी पोरांना उभं राहायला जागा कुठली उरेल? पोलिसभरतीत जा म्हणून आपणच पोरांना सांगतो ना? मग शाळेत असताना शिस्तीत नेम धरायला शिकली तर बिघडलं कुठं?

शेवटचं म्हणणं शाळांसाठी, माझ्या स्वतःच्या व्यवसायासाठी. १० मीटर म्हणजे किती? आपल्या कुठल्याही शाळेचा व्हरांडा त्याहून लांब असतो. लक्ष्याचा कागद १७ सेंटिमीटर चौरस, त्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर. मागे छर्रा थांबवणारी पत्र्याची पेटी आणि भक्कम भिंत, बाजूची दारं बंद, चांगला उजेड, एक प्रशिक्षित माणूस आणि कुलपाचं कपाट. तालुक्याला अशा दोन लेन आणि चार पिस्तुलं एवढं झालं, तर चाळीस घरांनी चाळीस वेळा फसायची गरज नाही. क्रिकेटच्या मैदानाला एकरभर जमीन लागते. याला व्हरांडा पुरतो. क्रीडा विभागाकडे मागणी करायची तर आपण तालुक्यातल्या सगळ्या शाळांनी मिळून करू, उर्दू माध्यमाच्या आणि मराठी माध्यमाच्याही. हा विषय एका मोहल्ल्याचा नाही. शिबिरात त्या मुलीच्या खालोखाल गट आला तो एका शेतकऱ्याच्या मुलाचा होता. त्याच्याकडे तर चाळीस हजारही नाहीत.

त्या संध्याकाळी पालकांनी मोबाईल खिशात ठेवला. जरा हिरमुसले होते, कारण बापाला पोरीच्या हातात काहीतरी द्यायचं होतं आणि मी ते थांबवलं होतं. जाताना मी म्हणालो, "भाई, पाण्याची एक लिटरची बाटली द्या तिच्या हातात. भरली की एक किलो होते, पिस्तुलाएवढी. आधी अर्धी भरा. हात खांद्याच्या रेषेत सरळ करून धरू द्या, भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत. आज जेवढे सेकंद धरली ते वहीत लिहा. रोज."

परवा ते रस्त्यात भेटले. मुलगी महिन्यातून दोन रविवारी रेंजवर जाते. बाटली आता पूर्ण भरली आहे. सेकंद कोण मोजतं, म्हणून विचारलं.

"उसकी अम्मी," ते म्हणाले.